भिंतीपलीकडचे आकडे

मादाम बोव्हरूच्या आणि माझ्या मधली भिंत
एका विटेची. तीही कुणा कंजूस गवंड्याने रचलेली.
मंगळवारी, गुरुवारी, दुपारी चारनंतर
पलीकडे कोणीतरी घाबरलेलं येतं,
खुर्ची करकरते, खिडकी लागते,
आणि तिचा आवाज सुरू होतो,
पावाचं पीठ ओल्या फडक्याखाली मुरत ठेवावं तसा:
'डोळे मिटा. समोर एक जिना आहे.
वीस पायऱ्या. माझ्याबरोबर उतरा.'

आता लिएजमधल्या माणसाला जिना म्हटलं
की एकच दिसतो, ब्युरेनचा,
टेकडीचा मणका उघडा पडल्यासारखा,
तीनशे चौऱ्याहत्तर पायऱ्यांचा.
वीस उतरून काय होतं तिथं?
तरी मी उतरायचो. फुकटात.
पलंगावर उताणा, बुटांसकट.
एकोणीस. अठरा.
बाराच्या आसपास माझा जबडा सैल व्हायचा.
पलीकडच्याला ती पुन्हा वर आणायची,
'तीन, चार, पाच, उघडा डोळे,'
खुर्ची करकरायची, नोटा मोजल्या जायच्या,
आणि मी मात्र तिथेच, मधल्या कुठल्याशा पायरीवर,
अंधार पडेपर्यंत,
कुणाच्याच हिशेबात नसलेला.

सांगायचं राहिलं, मी काच फुंकायचो.
सरँच्या भट्टीत एकतीस वर्षं.
भट्टी थंड झाली, त्या दिवसापासून
रात्री तीनला कोणीतरी ती माझ्या छातीत पेटवतं.

संमोहनावर माझा विश्वास नाही.
जत्रेत एकदा पाहिलं होतं, चमकत्या कोटातला माणूस,
आमच्या खाटकाची त्याने कोंबडी केली.
खाटीक पुढे वर्षभर कोंबड्या विकताना लाजायचा.
पण इथं कुणाची कोंबडी होत नव्हती.
इथं फक्त कोणीतरी हळू मोजत होतं,
आणि इतकं हळू मोजणारं
मला दुसरं कोणी माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत तिचा घसा बसला.
दारावर चिठ्ठी: आज भेटी नाहीत.
कचऱ्याची पिशवी घेऊन मी बाहेर आलो
तर जिन्यात एक मुलगी, चिठ्ठी वाचून झालेली,
तरी वाचत उभी.
बस कंपनीचा निळा कोट. नाव ओर्नेला.
दोन्ही हात समोर धरलेले,
जणू स्टिअरिंग अजून सुटलेलं नाही.
'सायकलवाला होता,' म्हणाली. 'लागलं नाही त्याला.
काहीच झालं नाही.'
काहीच झालं नाही, आणि तीन आठवडे तिचा पाय
अंथरुणातसुद्धा ब्रेक दाबतोय.

मला काय येतं? मोजणं तर नाहीच.
पिशवी ठेवली, बसलो. ती दोन पायऱ्या सोडून बसली.
म्हटलं, 'नळीच्या टोकाला काच मधासारखी लोंबते.
तिला पडायचंच असतं.
ते तिच्या मनातून कुणाला काढता येत नाही.
आपण नळी फिरवत राहायची. थांबायचं नाही, घाईही नाही.
ती खाली यायला निघते, आपण तिचं 'खाली' बदलतो.
पुन्हा निघते, पुन्हा बदलतो.
आणि फुंकर गालातून. छातीतून फुंकणारे
पहिल्याच वर्षी पळून जातात.'

बोलता बोलता मी कुठलीशी फुलदाणीच करत गेलो,
मान, खांदा, बूड, परत आगीत.
तिची बोटं हवेतच सैलावली,
मग फिरू लागली, हळू, नळीवर असावीत तशी.

आमच्या जिन्यातला दिवा दोन मिनिटांचा.
मालक वीज वाचवतो.
खटकन गेला.
एरवी मी भिंत चाचपत शिव्या घालतो.
बटण तिच्या खांद्याजवळच होतं.
तिनं दाबलं नाही. मीही नाही.
आमच्या खाली तीन मजले पायऱ्या होत्या,
त्यांचे आकडे कुणी म्हणत नव्हतं.
पिशवीतून कालच्या मासळीचा वास येत होता.